पोस्टसीझन बंदी, म्हणजे सीझनअखेरच्या स्पर्धांत खेळायला मनाई, आल्यावर अमेरिकेतले काही कॉलेज बास्केटबॉलपटू संघ सोडतात आणि काही थांबतात, ते निष्ठेमुळे का?

निष्ठा असतेच, पण माझ्या मते दोन गोष्टी जास्त वजनदार ठरतात: खेळाडूची कॉलेजकडून खेळायची किती वर्षं शिल्लक आहेत आणि बंदी जाहीर कधी झाली.

कनेक्टिकट विद्यापीठाचंच बघा. 2011मध्ये राष्ट्रीय विजेते, आणि खेळाडूंच्या अभ्यासातल्या प्रगतीचे गुण कमी भरले म्हणून एनसीएए या कॉलेज खेळांच्या नियामक संस्थेच्या 2013च्या राष्ट्रीय स्पर्धेतून बाद. तेव्हा संघ बदलला की एक वर्ष बाहेर बसावं लागायचं. मात्र ज्याची उरलेली सगळी कारकीर्द बंदीतच संपणार, त्याला सूट मिळू शकत होती. ॲलेक्स ओरियाखीचं एकच वर्ष उरलं होतं. तो मिझुरी विद्यापीठात गेला, लगेच खेळला आणि 2013ची स्पर्धाही खेळला. शबाझ नेपियरची दोन वर्षं बाकी होती. तो गेला असता तरी एक वर्ष हातचं जाणारच होतं. तो थांबला. त्याच्याच बरोबरीचा रॉस्को स्मिथ लास वेगसच्या विद्यापीठात गेला आणि वर्षभर बसून राहिला. 2014मध्ये त्याच्या नव्या संघाला स्पर्धेत जागाच मिळाली नाही, आणि इकडे कनेक्टिकटने अंतिम सामन्यात केंटकीला 60-54 असं हरवलं. आमच्यावर बंदी घातली की काय होतं ते बघा, असं नेपियर त्या रात्री मैदानावरच माईकवर म्हणाला. मला ते आजही ऐकावंसं वाटतं. अर्थात स्मिथचा निर्णय चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. बंदी असताना पुढचं कोणाला दिसतं?

आता तारखेचं. लुईव्हिल विद्यापीठाने गैरप्रकारांच्या चौकशीदरम्यान 2016च्या फेब्रुवारीत, ऐन सीझनमध्ये, स्वतःवरच बंदी घालून घेतली. डेमियन ली आणि ट्रे लुईस हे दोघे पदवी घेऊन शेवटच्या एका वर्षासाठी तिथे आले होते, मार्चमधली ती स्पर्धा एकदा तरी खेळायला मिळेल या आशेने. गैरप्रकार त्यांच्या येण्याआधीचे. एका सीझनमध्ये दोन संघांकडून खेळता येत नाही, त्यामुळे त्यांच्यापुढे पर्यायच नव्हता. ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठाची शिक्षा, सहायक प्रशिक्षकाच्या लाचखोरीबद्दलची, 2020च्या जूनमध्ये जाहीर झाली होती, तेव्हा सगळ्यांना विचार करायला वेळ तरी होता. नव्यानेच तिथे येणारा नावाजलेला खेळाडू केड कनिंगहॅम कुठेही जाऊ शकला असता, पण तिथेच राहिला. अपील चालू असल्याने 2021ची स्पर्धा खेळलाही. अपील फेटाळलं गेलं ते थेट 2021च्या नोव्हेंबरमध्ये, सीझन तोंडावर असताना. शिक्षा भोगली मागे राहिलेल्या पोरांनी. लाच घेणाऱ्या त्या सहायक प्रशिक्षकाला 2017मध्येच काढून टाकलं होतं. याचा मला मनापासून राग येतो.

आज चित्र वेगळं आहे. 2021पासून एकदा आणि 2024पासून हवं तितक्या वेळा, अभ्यासात पात्र असाल तर न बसता संघ बदलता येतो. म्हणजे सीझन संपल्यावर, वसंतात बंदी आली तर नेपियरसारखा दोन वर्षं बाकी असलेला खेळाडूही निघू शकतो. सीझन सुरू होताना, नोव्हेंबरमध्ये आली तर मात्र तो अडकलाच. एनसीएएनेही 2022च्या नव्या घटनेत, ज्यांचा दोष नाही अशा खेळाडूंना शक्यतो शिक्षा होऊ नये, असं म्हटलंय. 2023मध्ये टेनेसी विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाच्या प्रकरणात बंदीऐवजी 80 लाख डॉलरहून मोठा दंड झाला. मला तो निकाल रास्त वाटतो. भुर्दंड विद्यापीठाला बसला, पोरांचा सीझन वाचला.