वाचकांचे प्रश्न : 'त्यांची' अशी गल्ली कुठे असते?

प्रश्न : परदेशात समलिंगी लोकांच्या वस्त्या असतात, त्यांचे बार-हॉटेलं असतात असं वाचतो. आपली गणपत गल्ली, रामदेव गल्ली तसं काही? मग बेंगळूर-गोव्यात का दिसत नाही? (शहापूर, बेळगाव)

उत्तर : गल्लीच म्हणा, पण ती वसते दारूच्या परवान्याभोवती. 1960 च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये समलिंगी गिऱ्हाइकं बसवली तर बारचा परवाना धोक्यात यायचा. त्यामुळे हा धंदा माफियाच्या हातात गेला. ख्रिस्तोफर स्ट्रीटवरचा स्टोनवॉल इन कागदोपत्री 'आपली बाटली आपण आणा' छापाचा क्लब होता. दारात वही, वहीत सगळी खोटी नावं. काउंटरमागे नळच नव्हता; उष्टे ग्लास टबात बुचकळायचे आणि पुन्हा भरायचे. 28 जून 1969 च्या पहाटे तिथे धाड पडली आणि गिऱ्हाइकं पळायची सोडून उलटली. पुढच्या वर्षी त्याच तारखेला न्यूयॉर्कचा पहिला प्राइड मोर्चा निघाला.

सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅस्ट्रो वस्तीत गोष्ट घरांची होती. जुनी कुटुंबं उपनगरांत गेल्यामुळे तिथली लाकडी घरं स्वस्तात मिळू लागली होती. 1972 मध्ये ट्विन पीक्स टॅव्हर्नने रस्त्याकडे अख्खी काच बसवली. आत कोण बसलंय ते बाहेरून दिसू देणं ही तेव्हा धाडसाची गोष्ट होती.

भारतात अशी पक्की गल्ली बसली नाही. लग्न होईपर्यंत पोरं घरीच, एकट्याला खोली मिळायची मारामार, आणि बारचा परवाना एवढा महाग की मालक सातही दिवस एकाच गटावर विसंबत नाही. आपल्याकडे गल्लीऐवजी वार असतो : एरवीच्याच पबमधला एखादा ठरलेला शनिवार. नकाशावर 'गे बार' शोधाल तर हाती फारसं काही लागायचं नाही.

प्रश्न : आम्ही दोघे जोडीदार अशा पार्टीसाठी पहिल्यांदाच बेंगळूरला जातोय. काय बघून जावं? (खानापूर)

उत्तर : आधी तारीख. त्याच पबमध्ये एरवीच्या शनिवारी 'स्टॅग नॉट अलाउड' असतं आणि बाईशिवाय आलेल्या दोन पुरुषांना दारातूनच परत पाठवतात. तिकीट आयोजकांच्या इन्स्टाग्राम पानावरूनच काढा. पत्ता पुष्कळदा उशिरा कळवतात, त्यात फसवणूक नसते. 'कव्हर' आणि 'एन्ट्री' यांतला फरक पाहा. 1500 कव्हर असेल तर तेवढ्याचं खाणं-पिणं बिलातून वजा होतं; एन्ट्रीचे पैसे गेले ते गेले. 21 पूर्ण असल्याचं ओळखपत्र दोघांकडे हवं. कोणी ट्रान्स असेल आणि कार्डावरचं नाव जुनं असेल तर आयोजकांना आदल्या दिवशी कळवा, म्हणजे बाउन्सरसमोर हुज्जत नको. सर्व्हिस चार्ज ऐच्छिक आहे, नको असेल तर काढायला सांगा. दुसऱ्यांचे फोटो काढू नका. तिथे आलेल्या कित्येकांच्या घरी माहीत नसतं.

पब एक वाजता बंद होतात, मेट्रो त्याआधीच. खोली जवळपास घ्या, बुकिंगवर दोघांची नावं घाला. दोन पुरुषांनी एक खोली घेतली तर लॉजवाला सहसा भुवई उंचावत नाही. इथे तुमचं स्त्री-पुरुष जोडप्यापेक्षा सोपं. आणि चोर्ल्यातून गोव्याला गेलात तर येताना बाटली आणू नका, कणकुंबीच्या नाक्यावर गाडी उघडायला लावतात.

प्रश्न : ॲपवर ओळख झाली, ढाब्यावर भेटायचं ठरलं. ऐनवेळी त्याने लॉजवर बोलावलं. तिथे आणखी दोघं आले, व्हिडिओ काढला, 8000 रुपये फोनवरून घेतले. आता रोज मागतात, 'पोलिसांत देऊ' म्हणतात. (निपाणी)

उत्तर : आजपासून एक रुपयाही देऊ नका. दिलेला प्रत्येक हप्ता पुढच्या मागणीला बळ देतो. पोलिसांची धमकी पोकळ आहे : 6 सप्टेंबर 2018 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर दोन सज्ञान माणसांचे राजीखुशीचे संबंध हा गुन्हा नाही. गुन्हा त्यांनी केलाय, खंडणीचा, भारतीय न्याय संहितेचं कलम 308.

ब्लॉक करायची घाई नको. आधी चॅट, प्रोफाइल आणि नंबर, तारखेसकट, यांचे स्क्रीनशॉट काढा आणि दुसऱ्या फोनवर ठेवा. प्रत्येक व्यवहाराचा 12 अंकी यूपीआय क्रमांक लिहून घ्या. मग सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर फोन. निपाणी ठाण्यात ओळखीचं कोणी भेटेल ही भीती असेल तर चिकोडीत जा, बेळगावात जा, कोल्हापुरातही चालेल. दखलपात्र गुन्ह्याची तक्रार कुठल्याही ठाण्याला घ्यावीच लागते. तक्रारीत धमकी, रक्कम, तारखा एवढंच लिहा. आपल्याकडे एफआयआर कन्नडमध्ये होईल. वाचून आणि समजावून घेतल्याशिवाय सही करू नका. प्रत फुकट मिळते, ती मागून घ्या.

पुढच्या वेळी पहिली भेट वर्दळीच्या हॉटेलात, पडदे लावलेल्या फॅमिली रूममध्ये नाही. लाइव्ह लोकेशन एका विश्वासाच्या माणसाला पाठवा. समोरच्याने ऐनवेळी जागा बदलली की तिथूनच घरी.

प्रश्न : सौंदत्तीच्या यात्रेच्या दिवसांत जोगप्पा (यल्लम्माला वाहिलेले, बाईच्या वेशात राहणारे तृतीयपंथी) जेवायला येतात, इतर गिऱ्हाइकं कुरकुरतात. नाही म्हणता येतं का? (हॉटेलमालक, यरगट्टी)

उत्तर : नाही. लोकांसाठी खुल्या असलेल्या सेवेत तृतीयपंथी व्यक्तीला डावलायला 2019 च्या कायद्याने बंदी आहे. कोपऱ्यातलं टेबल परस्पर दाखवू नका. कुठं बसता ते त्यांनाच विचारा. आणि एका संडासाला आतून धड लागणारी कडी बसवून बाहेर नुसतं 'शौचालय' लिहा, कुरकुरीचं निम्मं कारण तिथेच असतं.