ताराबाई शिंदे यांच्यावर एकपात्री करू पाहणाऱ्यांसाठी

ताराबाईंसारख्या बंडखोर विचारवंत स्त्रीला रंगमंचावर आणण्याचे तुम्ही ठरवलेत, याचा मनापासून आनंद झाला. सुरुवातीला मोजक्याच गोष्टी सांभाळा.

नवखा कलाकार बहुधा जन्मापासून मृत्यूपर्यंतचे चरित्र सांगू लागतो आणि प्रयोगाचे व्याख्यान होते. ताराबाईंच्या आयुष्याचे तपशील तसेही फार थोडे उपलब्ध आहेत; ती पोकळी कल्पित प्रसंगांनी भरण्यापेक्षा १८८२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘स्त्रीपुरुष तुलना’ या पुस्तकालाच संहितेचा कणा करा. सुरतेच्या विजयालक्ष्मी या ब्राह्मण विधवेला नवजात अर्भकाच्या हत्येबद्दल आधी फाशीची शिक्षा झाली, त्यावरून सगळ्याच बायकांवर चिखलफेक सुरू झाली आणि बुलढाण्याच्या या बाईंनी लेखणी उचलली. पडदा इथेच उघडावा, असे माझे ठाम मत आहे.

त्यांचे लेखन थेट पुरुषांना उद्देशून असल्यामुळे, तुमच्या समोर बसलेला प्रेक्षक कोण आहे, हे पहिल्या तालमीआधी निश्चित करा. दुसरी नेहमीची चूक म्हणजे पहिल्या वाक्यापासून आवाज चढवणे. त्यांचा संताप उपहासातून आणि युक्तिवादातून वाढत जातो, म्हणून उतारे आधी बैठ्या वाचनात, हातवारे न करता, अर्थ लागेपर्यंत वाचा.

नेपथ्याला एक बैठे मेज, दौत आणि कागद पुरेसे आहेत. प्रकाशयोजना, संगीत यांचा विचार सध्या नको. मात्र महाराष्ट्रात जाहीर प्रयोगाआधी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र लागते, तेव्हा संहिता वेळेत पाठवा.