तांबी, हार्मोनची तांबी की अंतरा इंजेक्शन: पाळणा लांबवायला काय निवडावं?

बाळ ७ महिन्यांचं, अजून अंगावर पितंय. पाळी परत सुरू झालीय, जास्त जातं, हिमोग्लोबिन ९.५. पुढची ३-४ वर्षं दुसरं नको, आणि सासूबाईंना भीती की तांबी वर काळजापर्यंत सरकते. एवढं तुम्ही लिहिलंय, त्यावरून सांगते.

सगळ्यात खात्रीचं कोणतं, हे तुमच्या बाबतीत फार महत्त्वाचं नाही. साधी तांबी बसवलेल्या १०० जणींत पहिल्या वर्षात जेमतेम एकीला दिवस जातात, हार्मोनच्या तांबीत त्याहूनही कमी. तुमची निवड ठरणार ती पाळीचं काय होतं यावरून.

साध्या तांबीने पहिले ३ ते ६ महिने पाळीत जास्त जातं आणि पोटातही जास्त दुखतं. हिमोग्लोबिन कमी म्हणून तांबीला बंदी नाही, पण मी ती तुम्हाला आधी सुचवणार नाही. ‘मला तांबी सोसली नाही’ म्हणत चार महिन्यांत काढून घेणाऱ्यांमध्ये आधीपासून जास्त जाणाऱ्या बायका बऱ्याच असतात. तीच घ्यायची असेल, सरकारी दवाखान्यात ती फुकट मिळतेच, तर आधी २-३ महिने लोहाच्या गोळ्या घ्या, हिमोग्लोबिन पुन्हा तपासा आणि मग बसवा. तोवर निरोध. आणि कोणती तांबी बसवली ते कार्डावर लिहून घ्या: ३८० ए १० वर्षं चालते, ३७५ फक्त ५. ‘दहा वर्षांची आहे’ असं समजून ३७५ सातव्या वर्षीही आत राहिलेली असते, ती या कार्डाअभावीच.

हार्मोनची तांबी तुम्हाला जास्त जुळेल. तिच्यात ५२ मिलिग्रॅम लेव्होनॉरजेस्ट्रेल हे हार्मोन असतं. ते थोडंथोडं पिशवीतच झिरपतं, अस्तर पातळ राहतं आणि काही महिन्यांत पाळी बरीच कमी होते. काहींची बंदच होते. ५ वर्षं नक्की चालते, दूध कमी होत नाही. अडचण दोन: खाजगीत काही हजार रुपये लागतात, आणि सुरुवातीचे ३ ते ६ महिने अधूनमधून डाग पडत राहतात. हे आधी माहीत नसलं की बाई घाबरून काढायला येते.

आता सासूबाईंची भीती. तांबी काळजापर्यंत जायला पिशवीतून वाटच नाही. होऊ शकतं ते वेगळं: बसवताना पिशवीला भोक पडून ती पोटात जाणं. १००० मध्ये एक-दोघींना हे होतं, पण अंगावर पाजणाऱ्या बाईत धोका त्याहून जास्त असतो, कारण पिशवी मऊ असते. म्हणून रोज तांब्या बसवणाऱ्या डॉक्टर किंवा नर्सकडेच जा, आणि पिशवी आधी सळईने मोजतात का ते विचारा. तांबी खाली घसरून पडणं मात्र याहून कितीतरी जास्त वेळा होतं, बहुधा पहिल्या काही महिन्यांत.

म्हणून दर पाळीनंतर हात धुवून, उकिडवं बसून, बोटाने दोरा चाचपा. तो लागला नाही, एकदम लांब वाटला किंवा टणक टोक लागलं, तर निरोध वापरा आणि सोनोग्राफी करून घ्या. नवऱ्याला दोरा टोचत असेल तर तो आखूड करता येतो, त्यासाठी तांबी काढायची गरज नाही. पहिल्या तीन आठवड्यांत ताप, ओटीपोटात दुखणं, घाण वासाचं पाणी जाणं यातलं काही झालं तर त्याच दिवशी दाखवा. तांबी असताना पाळी चुकली तर चाचणी करा; दिवस गेलेच असतील तर गर्भ नळीत नाही ना, हे बघावं लागतं.

पैशांमुळे हार्मोनची तांबी जमत नसेल तर अंतरा. १५० मिलिग्रॅमचं इंजेक्शन, दर ३ महिन्यांनी, सरकारी केंद्रात फुकट. बाळ ६ आठवड्यांचं झालं की पाजणाऱ्या आईलाही देतात. पाळीच्या पहिल्या ७ दिवसांत घेतलं तर लगेच लागू पडतं, नंतर घेतलं तर ७ दिवस निरोध. टोचलेली जागा चोळायची नाही, शेकायची नाही. नाहीतर औषध लवकर शोषलं जातं आणि ३ महिने पुरत नाही. पुढच्या डोसाला चार आठवड्यांपर्यंत उशीर चालतो, पण त्याची सवय लावून घेऊ नका. सुरुवातीला डाग पडतात, पुढे पाळी बहुधा थांबते. घाण रक्त आत साचत नाही, अस्तरच तयार होत नाही. हिमोग्लोबिनला हे बरंच. मात्र शेवटच्या इंजेक्शनपासून दिवस राहायला साधारण ७ ते १० महिने लागतात, तेव्हा दुसऱ्या बाळाचं मनात आलं की त्या हिशेबाने आधीच थांबवा. तांबीचं तसं नाही: ती काढली की पुढच्याच महिन्यात दिवस राहू शकतात.

दंडात बसवायची हार्मोनची काडी ३ वर्षं चालते, पण ती अजून सगळीकडे मिळत नाही आणि पाळीचं वेळापत्रक बिघडतं. क्षयाची रिफॅम्पिसिन गोळी चालू असेल तर काडीचा भरवसा कमी होतो. नसबंदीचा विचार आत्ता नको, तुम्हाला अजून मूल हवं आहे.

शेवटी एक. जास्त का जातं याचं कारण कोणी पाहिलंय का? थायरॉईडची तपासणी आणि सोनोग्राफी तांबीच्याही आधी करून घ्या. गाठीने पिशवीचा आकार बिघडलेला असेल तर तांबी नीट बसत नाही, आणि मग हार्मोनची तांबी असो वा साधी, दोन्ही निसटू शकतात.