नायट्रेट आणि ऑक्सिजनवरून अरबी समुद्रातलं पाणी कुठून आलं ते ओळखता येतं का?

नाही. त्यासाठी वापरतात ते सूत्र बरोबर आहे, नायट्रेटची नऊपट अधिक ऑक्सिजन. सेंद्रिय कचरा कुजताना ऑक्सिजनचे साधारण नऊ रेणू खर्ची पडले की एक नायट्रेट सुटतं, त्यामुळे बेरीज तीच राहते आणि पाण्याची ओळखखूण म्हणून वापरता येते. सागरवैज्ञानिक ब्रोकर यांनी १९७४ साली मांडलेली कल्पना आहे, छानच आहे. पण ती या समुद्रात लावणाऱ्यांमुळे माझा एक अख्खा सीझन वाया गेलाय.

जहाजावर माझ्याकडे नायट्राइट मोजायचं काम होतं. गुजरातपासून बरंच बाहेर, रात्रीची पाळी. ३०० मीटरच्या बाटलीतल्या नमुन्यात रसायनं घातली आणि दहा मिनिटांत ट्यूब पातळ कोकम सरबतासारखी गुलाबी, म्हणजे नायट्राइट आहे. शेजारची ५० मीटरची मात्र स्वच्छ. सर म्हणाले, "काचसामान नीट धुतलेलं नाही." धुतलं, आम्लात भिजवलं, परत केलं. परत गुलाबी. पलीकडच्या टेबलावर त्याच खोलीची विंकलरची, म्हणजे ऑक्सिजन मोजायची, बाटली होती. ऑक्सिजन असेल तर तिच्यातला साका तपकिरी होतो, हा पांढराच राहिला होता. मी तीही नेऊन दाखवली. सरांची सगळी हयात अटलांटिकवर गेलेली, त्यांना पटेना. अहवालात माझे आकडे 'संशयास्पद' म्हणून वगळले आणि त्या खोलीला बेरीज कमी येते म्हणून नकाशावर दक्षिणेकडून एका 'वेगळ्या' पाण्याचा बाण काढला!

वेगळं बिगळं काही नव्हतं. इथे साधारण १५० ते १००० मीटरच्या पट्ट्यात ऑक्सिजन जवळपास संपलेला असतो. मग बॅक्टेरिया नायट्रेटवर श्वास घेतात, मधल्या टप्प्यात नायट्राइट साठतं आणि शेवटी नायट्रोजन वायू होतो. म्हणजे बेरजेतला नायट्रेटच खाल्ला जातो. सीटीडीच्या (खोलीनुसार तापमान आणि क्षारता मोजणारं यंत्र) क्षारतेच्या आलेखावर त्याच खोलीला सरळ फुगवटा दिसत होता. होर्मुझमधून बाहेर पडलेलं इराणच्या आखाताचं खारं पाणी, घनता २६.६ च्या आसपास (म्हणजे घनमीटरला १०२६.६ किलो, वरचे हजार लिहीत नाहीत). त्याच्या बरंच खाली, २७.२ जवळ, तांबड्या समुद्राचं. ही दोन्ही तापमान आणि क्षारतेवरूनच ओळखा.

बाकी, जिथे ऑक्सिजन शिल्लक असतो तिथे हेच सूत्र चालतं, दक्षिण महासागरात तर खुशाल वापरा. मात्र तो नऊचा आकडा सगळीकडे तंतोतंत नऊच असतो असं नाही. अंटार्क्टिकाकडून तळाने येणाऱ्या पाण्याला सिलिकेट उपयोगी पडतं. पाणी पृष्ठभाग सोडून किती वर्षं झाली हे हवं असेल तर फ्रिजमधले जुने सीएफसी वायू मोजतात, त्यावर मी काम केलेलं नाही.

अरबी समुद्रावरच करणार असाल तर आधी नायट्राइट मोजा. आणि ट्यूब गुलाबी झाली तर कुणीही सांगितलं तरी ती परत धुवायला जाऊ नका.