मीटिंगला तिघंच बसले ना, मग ऐक

पोरी,

तुझा परवाचा व्हॉइस मेसेज दोनदा ऐकला, एकदा चहा करताना आणि एकदा नीट बसून. तुझ्या उपकेंद्राच्या जन आरोग्य समितीची मीटिंग लावलीस, सरपंच अर्धा तास उशिरा आले आणि सही करून पाचव्या मिनिटाला गेले, आशाताई होती, अंगणवाडीच्या बाई होत्या, आणि बीपीच्या गोळ्या न्यायला आलेले एक आजोबा, ज्यांना तूच खुर्ची देऊन बसवून घेतलंस. बाकीच्या सह्या नंतर घरोघरी फिरून घेतल्या. ग्रुपवर फोटो टाकला, वरून अंगठा पण आला. आणि मग शेवटी हळूच म्हणालीस, ताई इथल्या लोकांना इंटरेस्टच नाहीये.

हे वाक्य मी पण बोललेय, चारचौघांत बोललेय, त्यामुळे तुला रागवायचा मला काही हक्क नाही. तेव्हा माझं काय झालं ते सांगते.

२००७ मधे आपल्याकडे आरोग्य सेवेवर लोकाधारित देखरेख सुरू झाली. एनआरएचएम, म्हणजे केंद्राचं राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान, येऊन दोन वर्षं झाली होती. पहिल्या टप्प्यात पाच जिल्हे होते, पुणे, ठाणे, नंदुरबार, अमरावती, उस्मानाबाद. पुण्याची 'साथी' नावाची संस्था राज्याचं बघायची आणि खाली तालुक्यात आमच्यासारख्या बारक्या संस्था. पालघर तेव्हा वेगळा जिल्हा नव्हता, आमचा सगळा डोंगरपट्टा ठाण्यातच. कल्पना सोपी होती, गावाने बसून आपल्या उपकेंद्राला, पीएचसीला (प्राथमिक आरोग्य केंद्राला) शाळेसारखं प्रगतिपुस्तक द्यायचं, चांगलं तर हिरवा रंग, बरं तर पिवळा, वाईट तर लाल, आणि मग ते घेऊन जनसुनवाई, समोर डॉक्टर, टीएचओ म्हणजे तालुका आरोग्य अधिकारी, जिल्ह्याचे साहेब आणि इकडून लोक उभे राहून बोलणार. ट्रेनिंगमधेच माझ्या अंगावर काटा आलेला. म्हटलं आता बघाच.

आणि मी पहिली गावबैठक लावली डिसेंबरात, सकाळी ११ ला. पाड्यावर कोण? म्हातारी माणसं, बारकी पोरं आणि कोंबड्या. निम्मं गाव दिवाळी झाली तसं भिवंडी-वसईकडं वीटभट्टीवर गेलेलं. बरं हे मला ठाऊक नव्हतं असंही नाही, माझा सख्खा मामा भट्टीवर जायचा! पण प्लॅनच्या कागदावर तारीख पडली की आपलंच गाव आपल्याला दिसेनासं होतं, हे तेव्हा कळलं. ऑफिसात येऊन मी सांगितलं, लोकांचा प्रतिसाद नाही.

म्हणून तुला पहिलं काम हे देते, पुढच्या मीटिंगची नोटीस काढू नकोस. आशाताईसोबत बसून गावाचं कॅलेंडर काढ. भाताची आवणी कधी, कापणी कधी, भट्टीवर कधी जातात, शिमग्याला किती परत येतात, बाजार कुठल्या वारी, एसटी किती वाजता येते आणि शेवटची किती वाजता जाते. तुझा भाग आदिवासी आहे म्हणजे उपकेंद्राला तीन हजार लोकसंख्येचा निकष (सपाटीला पाच हजार), पण त्यातले जानेवारीत घरी किती असतात ते कुठल्याच रजिस्टरमधे नाही, ते आशाताईच्या डोक्यात आहे. आमच्याकडं एका पीएचसीत गरोदर बायांच्या तपासणीचा वार असा होता की त्या दिवशी बाजार नाही, गाडी नाही, काही नाही. बायका म्हणाल्या बाजाराच्या दिवशी ठेवा, आम्ही तशाही येतोच. झालं, एवढंच. वार बदलायला कुणाची परवानगी लागत नव्हती, फक्त कुणी विचारलं नव्हतं.

आता कडीची गोष्ट. ही मी सगळ्यांना सांगते, तुला पण ऐकावी लागणार.

आमच्या प्रश्नावलीत एक प्रश्न होता, पीएचसीत बाळंतिणींसाठी संडास आहे का, हो की नाही. बैठकीत विचारलं तर सगळ्या बाया म्हणाल्या हो आहे. हिरवा रंग. मी खूश, पीएचसीचे लोक खूश. त्याच संध्याकाळी एका घरी ओट्यावर बसले होते, घरातली तांदूळ निवडत होती, मी पण सूप ओढून घेतलं, हात चालू असले की बायका बोलतात हे तुला शहरात कुणी शिकवलं नसेल. ती म्हणाली, आहे ना ताई संडास, पण कडी नाय आतून. आणि दिवा पण नाय. रात्री सासू बाहेर दार धरून उभी राहायची, आणि वॉर्डात पुरुष माणसं ये-जा करतात. म्हणून मग दुसऱ्या दिवशी सकाळीच पोर घेऊन घरी.

आता हे बघ, बाळंतपणानंतर ४८ तास तरी ठेवायचं असा नियम, आणि त्या पीएचसीच्या मासिक रिपोर्टात दर महिन्याला लिहिलेलं असायचं की महिला थांबत नाहीत, जनजागृती आवश्यक. जनजागृती! कडी पाहिजे होती गं. ती शंभर रुपयांच्या आत आली, पण पीएचसीच्या रुग्ण कल्याण समितीतून मंजूर व्हायला दोन महिने गेले, ते वेगळं.

त्या दिवसापासून मी हो-नाहीच्या प्रश्नांवर विश्वास ठेवत नाही. फॉर्म भर, तुला भरावाच लागणार, पण फॉर्मच्या शेजारी एक वही ठेव आणि त्यात बाई जसं बोलली तसंच लिही, तिच्याच शब्दात. "स्वच्छतागृहाच्या सुविधांचा अभाव" असं लिहिलंस की ती कडी गेलीच समज, मग वरून एक पोस्टर येईल हात धुवा म्हणून.

अजून एक गोष्ट आहे, ती सांगायला मला आवडत नाही. दुसऱ्या वर्षीची जनसुनवाई. लोक जोरात आले होते, ३०० तरी असतील. बाहेरच्या मेडिकलची औषधं लिहून देतात म्हणून एकेकाने चिठ्ठ्याच दाखवल्या, साहेबांनी तिथल्या तिथं डॉक्टरांना विचारलं, आणि खरंच पुढच्या महिन्यापासून ते बंद झालं. तो दबाव नसता तर बंद झालं नसतं, हे मी आज पण म्हणते, गोडीगुलाबीने सगळं होतं असं जे म्हणतात ना त्यांनी कधी चिठ्ठी घेऊन पैशासाठी सावकाराकडं गेलेला माणूस बघितलेला नसतो. पण त्याच सुनवाईत एका नर्सताईंवर तक्रार आली, बाळंतपणाचे पैसे मागतात, रात्री हजर नसतात. आम्ही तिला उभं केलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ती काही बोलली नाही, नुसती पदराशी चाळा करत उभी होती.

नंतर कळलं की तिच्या क्वार्टरला पाणी नव्हतं, छत गळत होतं, पोर दीड वर्षाचं, आणि तिने तीनदा लेखी दिलेलं होतं. पैसे घेणं चूकच होतं, त्याला माफी नाही. पण रात्री ती का नसते हे आम्ही तिला आधी एकदाही विचारलं नव्हतं, आम्ही फक्त तिच्याबद्दल विचारत फिरलो. त्यानंतर तिचं पाड्यावर येणंच कमी झालं, आली तरी दारातून रजिस्टर भरून जायची. नुकसान कुणाचं झालं? ज्यांनी टाळ्या वाजवल्या त्यांचंच. पुढे आम्ही जनसुनवाईला जनसंवाद म्हणायला लागलो, काहींना वाटलं नाव बदलून धार घालवली, मला नाही वाटत तसं, पण नावापेक्षा एक बदल महत्त्वाचा होता, आदल्या आठवड्यात कर्मचाऱ्यांसोबत वेगळं बसायचं आणि त्यांचं काय अडतंय ते पण त्याच यादीत घालायचं. नर्सच्या क्वार्टरला पाणी द्या ही मागणी मग गावानेच केली, आणि गावाने केली म्हणून ती झाली.

तुझी जागा माझ्यापेक्षा अवघड आहे. मी बाहेरची होते, तू आतली. समितीचे अध्यक्ष सरपंच, सहअध्यक्ष पीएचसीचे डॉक्टर आणि सदस्य सचिव तू, उपकेंद्राची समुदाय आरोग्य अधिकारी, म्हणजे ज्या उपकेंद्राबद्दल लोकांनी बोलायचं त्याची चावी पण तुझ्याकडं आणि मिनिट्स लिहिणारी पण तूच. कोण बोलेल तुझ्या तोंडावर? आणि आशाताईकडून तर ही अपेक्षा अजिबात करू नकोस. तिच्या कामाच्या मोबदल्याचा कागद पीएचसीतूनच पुढे सरकतो, भर मीटिंगमधे तिला "सांग ना गं तू" म्हणणं म्हणजे तिला खड्ड्यात ढकलणं. तिच्याशी चालताना बोल, एकटी असताना.

गडचिरोलीचं तू कॉलेजात ऐकलंच असशील. डॉ. अभय आणि राणी बंग तिथं १९८६ पासून. त्यांनी लोकांना विचारलं की दवाखान्यात का येत नाही, तर उत्तरं अशी आली की मोठ्या इमारतीची भीती वाटते, पांढरे कपडे बघून भीती वाटते कारण मेलेल्या माणसाला पांढऱ्या कापडात गुंडाळतात, सोबतच्या नातेवाइकांना राहायला जागा नसते. मग दवाखाना गोंडांच्या पाड्यासारखा झोपड्या-झोपड्यांचा बांधला, नातेवाईक सोबत राहतील असा, आणि नाव दिलं माँ दंतेश्वरी, त्यांच्या देवीचं. आता लोक ही गोष्ट सांगताना झोपड्या सांगतात, मला त्यातलं पांढरं कापड महत्त्वाचं वाटतं. ते उत्तर कुठल्या प्रश्नावलीतल्या पर्यायात असणार होतं सांग?

जामखेडला डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे १९७० मधे गेले तेव्हा लोकांनी आधी दवाखाना मागितलाच नाही, पाणी मागितलं. दुष्काळ तोंडावर होता. तिथं बोअर घेताना ते दलित वस्तीत घेतले गेले, म्हणजे पाण्याला सगळ्या गावाला तिकडं यावं लागलं. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण "गावाला विचारलं" असं आपण म्हणतो तेव्हा गाव म्हणजे बहुतेक वेळा पारावर बसलेली आठ-दहा माणसं असतात. तुझ्या मीटिंगला पलीकडच्या कातकरी वाडीतलं कोण होतं? तू नाव घेतलं नाहीस म्हणजे कुणी नव्हतं. पुढची मीटिंग उपकेंद्रात घेऊच नकोस, तिथं घे. सरपंच येणार नाहीत म्हणतेस, नाही तर नाही, सहीला तसेही येतात.

बारीकसारीक दोन-तीन गोष्टी घाईत सांगते. ग्रामसभेच्या आधी महिलांची ग्रामसभा घ्यायची असा कायदाच आहे आपल्याकडं, बहुतेक गावात कागदावर होते, तू ग्रामसेवकांना विचार कधी आहे आणि जाऊन बस. गाव आरोग्य समितीला (ही तुझ्या समितीपेक्षा वेगळी, गावाची) वर्षाला दहा हजारापर्यंत बिनबंधनाचा निधी येतो, खातं कुणाच्या नावावर, सह्या कुणाच्या आणि मागच्या वर्षी कशावर खर्च झाला ते बघून भिंतीवर लिही, भांडण होईल, होऊ दे, पैशावरून भांडायला लोक मीटिंगला येतात. आणि मोठी मागणी असेल, खोली, पाण्याची टाकी वगैरे, तर मार्चमधे तालुक्याला पळू नकोस, जिल्ह्याचा पीआयपी, म्हणजे पुढच्या खर्चाचा आराखडा, त्याच्या कितीतरी आधी तयार होतो.

आता माझ्या मते जे खरं काम आहे ते, आणि ते मीटिंगनंतर असतं. दुसरी फेरी. तू विचारलंस, वहीत लिहिलंस, आता उत्तर घेऊन त्याच ओट्यावर परत जायचं. हो असेल तर कोणीही जातं. नाही असेल तेव्हा जायचं, आणि तिथंच आपण सगळे कच खातो. एका पाड्याने आमच्याकडं स्वतःची ॲम्ब्युलन्स मागितली होती. मिळणार नव्हती हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं आणि मी चार महिने तिकडं फिरकलेच नाही, लाजेनं. शेवटी गेले आणि सरळ सांगितलं, नाही मिळणार, १०८ आहे तीच. तर एक म्हातारा म्हणाला, १०८ ला फोन करायला रेंज टेकडीवर मिळते, रात्री टेकडी चढणार कोण. मग त्यांनीच ठरवलं, पलीकडच्या पाड्यात एकाची जीप होती, त्याच्याशी बोलून ठेवलं, रात्री निरोप न्यायला दोन पोरं ठरली, आणि डिझेलचं कोण देणार यावर तासभर वाद झाला. मी गेले नसते तर ते पण झालं नसतं. चार महिने माझी वाट बघत होते.

तर ते बीपीवाले आजोबा. त्यांना तू बसवून घेतलंस, मग काही विचारलंस का? मेसेजमधे नुसतं म्हणालीस की ते सारखं गोळ्या पंधरा दिवसांच्याच का देता असं विचारत होते आणि तू विषयावर या म्हणालीस. अगं, तोच विषय होता. ते किती लांबून चालत येतात बघ, महिन्याच्या गोळ्या एकदम देता येतात का ते डॉक्टरांना विचार, आणि जे काय उत्तर येईल ते घेऊन त्यांच्या घरी जा.

शिमग्याला भट्टीवरची माणसं परत आली की मी दोन दिवस येते तुझ्याकडं. सकाळची एसटी अजून घाटाच्या वरपर्यंत येते की खालीच सोडते ते कळव, गुडघे आता पूर्वीसारखे नाहीत माझे. आणि वही दाखव.

तुझी
ताई