आंबोलीत रात्री चापडा साप बघायला जाताय? आधी बॅटरी घ्या

कॅमेरा राहू द्या, पैसे आधी बॅटरीवर घाला. एक डोक्याला, एक हातात, सेल जादाचे. डोक्यावरची वाटेसाठी, हातातलीने ओढ्याकाठची झुडपं फांदी-फांदीने, सावकाश बघा. मलबार चापडा हा विषारी साप बेडकाची वाट बघत तासन् तास हलत नाही, त्यामुळे नवखे हमखास त्याच्या पुढून निघून जातात.

मग गुडघ्यापर्यंतचे गमबूट. सँडल घालून येणं ही नेहमीची चूक. दुसरी याहून वाईट: घसरलं की फांदी धरणं. हात टेकण्याआधी तिथे उजेड टाका! डोळा आणि नाकपुडीमधल्या खळगीने चापडा तुमच्या हाताची ऊब अंधारातही टिपतो.

सापाची काठी, चिमटा घरीच ठेवा. आपण फक्त बघायला जातोय. पहिल्या रात्री गावातला माहीतगार सोबत घ्याच. लेन्सचं पुढच्या पावसाळ्यात बोलू.