आजीच्या आजारावर काम करायचंय, पण मी डॉक्टर नाही

प्रश्न : मॅडम, मी सोलापूरला बीएस्सी थर्ड इयरला आहे, झूलॉजी. आजीला अल्झायमर आहे, तीन वर्षं झाली, आता ती मला आत्याच्या नावानं हाक मारते आणि संध्याकाळ झाली की पायरीवर बसून "घरी चला" म्हणते, घरातच असून. न्यूरोलॉजिस्टच्या गोळ्या चालू आहेत. मेंदूत पण इम्यून पेशी असतात आणि या आजारात त्यांचा हात असतो असं वाचलं, तेव्हापासून डोक्यात तेच आहे. पप्पा चादरीच्या कारखान्यात आहेत, ते म्हणतात शिक पाहिजे तेवढं, पण काका म्हणतात बीएड करून मोकळी हो, डॉक्टर नाही ती काय रिसर्च करणार. या पेशींवर काम करणारे रोज नक्की काय करतात आणि त्यात पोट भरतं का?
– एक विद्यार्थिनी, सोलापूर

उत्तर : काकांचं आधी सांगते. या विषयात काम करणारे कितीतरी लोक डॉक्टर नाहीत, तुझ्यासारखे बायॉलॉजीवालेच आहेत, त्यामुळे ती काळजी सोड.

तू वाचलंस त्या पेशी म्हणजे मायक्रोग्लिया. स्पेनच्या पिओ देल रिओ ओर्तेगांनी १९१९ साली मेंदूचे काप चांदीच्या संयुगानं रंगवून या बारीक, झुडपासारख्या फांद्या असलेल्या पेशी वेगळ्या दाखवल्या, आणि पुढच्याच वर्षी त्यांना काहाल यांच्या, म्हणजे १९०६ चं नोबेल मिळालेल्या आपल्या वरिष्ठांच्या लॅबमधून बाहेर पडावं लागलं. मेंदूतल्या शंभरातल्या साधारण दहा पेशी या असतात, तरी पुढं कित्येक वर्षं साफसफाई करणाऱ्या पेशी एवढीच त्यांची ओळख. मग २००५ मध्ये जिवंत उंदराच्या मेंदूत त्या बघता आल्या आणि दिसलं की त्या कधी स्वस्थ बसतच नाहीत, फांद्या सारख्या पुढं-मागं करून आजूबाजूला चाचपत असतात, आपल्या नवी पेठेत रात्री गुरखा एकेक शटर हलवून बघत जातो ना, अगदी तसं. २०१३ ला सापडलं की ट्रेम-टू नावाच्या जीनमधला एक बदल असेल तर अल्झायमरचा धोका साधारण तिपटीनं वाढतो, आणि मेंदूत हा जीन मुख्यतः मायक्रोग्लियातच चालतो. तिथून लोकांची नजर बदलली.

पण अवघड गोष्ट पुढं आहे. याच पेशी अल्झायमरमधला अमायलॉईडचा, म्हणजे मेंदूत साचणाऱ्या एका प्रथिनाचा, कचरा उचलतात, आणि याच पेशी न्यूरॉन्समधले, म्हणजे मेंदूत निरोप पोचवणाऱ्या पेशींमधले, जोड खातात. बोस्टनच्या बेथ स्टीव्हन्स यांच्या टीमनं उंदरांत दाखवलं की लहान वयात नको असलेले जोड छाटायचं जे काम या पेशी करतात तेच आजारात अवेळी पुन्हा सुरू होतं, अमायलॉईडच्या गाठी दिसायच्याही आधी. म्हणजे या पेशी बंद केल्या की आजार बरा, असं नाही. कधी थांबवायच्या, कधी कामाला लावायच्या, हेच शोधण्यात लोकांची आयुष्यं जातायत, आणि मला वाटतं याच्याइतका मन लावून करण्यासारखा प्रश्न आज बायॉलॉजीत फार थोड्या ठिकाणी आहे.

आता रोजचं काम. उंदराचा मेंदू गोठवून त्याचे केसापेक्षा बारीक काप करायचे, पेशी रंगवायच्या, मायक्रोस्कोपखाली फोटो काढायचे आणि मोजायच्या, कुठला उंदीर आजारी आणि कुठला निरोगी ते स्वतःला माहीत नसताना मोजायच्या, नाहीतर डोळे आपल्याला हवं तेच बघतात. माझ्या पीएचडीचे पहिले आठ महिने पेशींना रंगच चढेना म्हणून गेले. अँटिबॉडी बदलली, पाणी बदललं, रडून झालं, शेवटी कळलं की मेंदू फॉर्मॅलिनमध्ये गरजेपेक्षा जास्त दिवस राहत होते. आणि ज्या दिवशी रंग चढला त्या दिवशी त्या फांद्या बघत मी जेवायला उठले नाही, आजही तो दिवस आठवला की अंगावर काटा येतो. प्राण्यांवर काम करायचं की नाही हे मात्र आत्ताच स्वतःला विचारून ठेव, नको वाटलं तर डिशमध्ये वाढवलेल्या पेशींवर किंवा कॉम्प्युटरवर डेटा घेऊनही काम होतं.

पोटाचं म्हणशील तर एमएस्सी कर आणि सीएसआयआर-नेट या देशपातळीवरच्या परीक्षेची तयारी आत्तापासून लाव. त्यातून जेआरएफ, म्हणजे रिसर्चसाठीची फेलोशिप, मिळाली की महिना ३७,००० आणि दोन वर्षांनी ४२,०००, वर घरभाडं. पुण्यात एनसीसीएस (पेशींवर काम करणारी संस्था) आणि आयसर (विज्ञान शिक्षण आणि संशोधनाची संस्था) आहेत, हुतात्मा एक्स्प्रेसनं गेलीस तरी दुपारच्या आत पोचशील, शिवाय मेंदूवर काम करणाऱ्या संस्था, मानेसरचं एनबीआरसी आणि बंगळूरचं निम्हान्स. पीएचडीला पाच-सहा वर्षं धर, मग पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरची काही वर्षांची तात्पुरती रिसर्चची नोकरी, आणि पर्मनंट जागा कमी असतात हे पप्पांना आजच सांग, लपवू नकोस.

जमलं तर भैय्या चौकातल्या कोटणीस स्मारकात एक चक्कर मार. आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९४२ साली चीनमध्ये फिट्स येऊन गेले, वय अवघं ३२. फिट्सच्या आजारात मायक्रोग्लिया काय करतात यावरही आज काम चालू आहे, पार्किन्सन, स्ट्रोक, मल्टिपल स्क्लेरॉसिस, सगळीकडं याच पेशी समोर येतात, म्हणजे तू एकाच आजाराला बांधली जाणार नाहीस.

आणि आजी. तुझा रिसर्च तिच्यापर्यंत वेळेत पोचणार नाही गं, हे मी तुला खोटं सांगू शकत नाही. तिची बी-१२, थायरॉईड आणि कान तपासलेत का ते डॉक्टरांना एकदा विचार, त्यात काही निघालं तर थोडा फरक पडू शकतो. संध्याकाळी अंधार पडायच्या आधीच घरातले दिवे लाव. "घरी चला" म्हणाली की हेच घर आहे म्हणून समजावत बसू नकोस, हो म्हण, हात धर, गल्लीतून एक चक्कर मारून परत त्याच पायरीवर आण.